जुना गेम किती रुपयांना पडतो?

सुट्ट्या तोंडावर आल्या की ऑनलाइन दुकानांत एक वस्तू हमखास वर येते. टीव्हीला लावायची बोटाएवढी काडी, सोबत दोन बिनतारी रिमोट आणि खोक्यावर ठसठशीत अक्षरांत ‘दहा हजार गेम्स’. किंमत साधारण दीड ते तीन हजार रुपये. नव्वदच्या दशकात ज्यांनी कॅसेटमध्ये फुंकर मारून मारिओ सुरू केला, ते आता आई-बाबा झाले आहेत. तो आनंद आपल्या मुलांनाही मिळावा असं त्यांना मनापासून वाटतं आणि हात आपसूक त्या खोक्याकडे जातो. जुन्या गेमपायी जेवढे म्हणून खर्च करता येतात, त्यांत हा सगळ्यात वाईट, असं माझं स्पष्ट मत आहे. तेवढ्याच पैशांत कितीतरी चांगलं खेळता येतं, आणि सुरुवात तर एक रुपयाही न खर्चता होते.

जुना गेम मुळात स्वस्तच असतो. पैसे जातात ते भोवतीच्या गोष्टींवर: नको ते यंत्र, चुकीची आवृत्ती, न चालणारी सीडी, कार्डावरचं परकीय चलनाचं शुल्क, डाउनलोडचा डेटा. म्हणून या लेखात गेमच्या किमतीइतकाच या भोवतीच्या खर्चाचाही हिशोब मांडला आहे. बाजारभाव अंदाजाने दिले आहेत. ते हलत राहतात, म्हणून घेण्याच्या दिवशी पुन्हा पाहावेत.

आधी गेम ठरवा

आठवणीतला गेम आणि आज समोर येणारा गेम यांत फरक पडतो. काही गेम तीस-चाळीस वर्षांनंतरही पहिल्या मिनिटात पकड घेतात, काही दहाव्या मिनिटाला बंद करावेसे वाटतात. १९८५ चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ पहिल्या गटातला. उजवीकडे पळायचं, खड्डा आला की उडी मारायची, हे आठ वर्षांच्या मुलालाही कुणी सांगावं लागत नाही. १९८४ साली मॉस्कोत अलेक्सी पाजित्नोव यांनी रचलेल्या ‘टेट्रिस’चंही तेच. नियम दोन ओळींत मावतात, बटण दाबल्याक्षणी पडद्यावर घडतं आणि हरलो तर चूक कुठे झाली ते लगेच कळतं. ज्या गेममध्ये या तीन गोष्टी आहेत तो शिळा होत नाही. हाताने काढलेली ठिपक्यांची चित्रंसुद्धा चांगली टिकतात. उलट नव्वदच्या उत्तरार्धातले पहिलेवहिले त्रिमिती गेम आज डोळ्यांना आणि बोटांना जड जातात. त्यांचा कॅमेरा नेमका हवा तेव्हा भिंतीत घुसतो.

‘प्रोजेक्ट आयजीआय’ हे दुसऱ्या गटाचं ठळक उदाहरण. २००० सालचा हा गेम आपल्याकडे सायबर कॅफेतल्या कितीतरी संगणकांवर असायचा आणि आजही तो रीतसर विकत मिळतो. पण मोहिमेच्या मध्यात खेळ जतन करण्याची सोयच त्यात नाही. अर्धा तास दबकत तळापर्यंत पोचायचं आणि एका गोळीने पुन्हा कुंपणाबाहेर यायचं, हे तेव्हा चालून गेलं कारण हाताशी दुसरं काही नव्हतं. आठवणीपोटी घ्यायचा असेल तर सेलमध्ये घ्या. नव्याने खेळू पाहणाऱ्याला मी तो सुचवणार नाही.

१९८९ चा ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ या दोन्ही गटांच्या सीमेवर बसतो. जॉर्डन मेकनर यांनी धाकट्या भावाला पळायला-उड्या मारायला लावून त्याचं चित्रीकरण केलं आणि त्यावरून राजपुत्राच्या हालचाली उतरवल्या. ते डौलदार पळणं आजही पाहत राहावंसं वाटतं. पण तासाभरात राजकन्येपर्यंत पोचायचं बंधन आहे आणि पायाखालची प्रत्येक फरशी वैरी आहे. चिवट माणसाने जरूर खेळावा, चिडक्याने दुरून नमस्कार करावा.

पैसे न लागणारे

फुकट म्हणजे चोरलेलं असा आपल्याकडे समज झाला आहे, कारण आपण गेम बहुधा तसेच पाहिले. जुना झाला म्हणून गेमवरचा हक्क संपत नाही. भारतीय कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्रॅमला साहित्यकृतीसारखंच संरक्षण आहे, आणि ते दशकानुदशकं चालतं. तरीही हक्कदारांनी स्वतःहून मोकळे केलेले किंवा स्वयंसेवकांनी नव्याने बांधलेले गेम भरपूर आहेत. एक रुपया न देता आणि कुणाचाही हक्क न मोडता ते खेळता येतात.

त्यांतला माझा सर्वांत लाडका ‘ओपनटीटीडी’. ख्रिस सॉयर यांच्या १९९५ च्या ‘ट्रान्सपोर्ट टायकून डीलक्स’वरून स्वयंसेवकांनी तो २००४ पासून घडवत आणला. २०१० च्या आवृत्तीपासून त्याला स्वतःची मोफत चित्रंही मिळाली, त्यामुळे मूळ गेमची सीडी लागत नाही. कर्ज काढायचं, रूळ टाकायचे, कोळसा वीजकेंद्रात न्यायचा, सिग्नल लावायचे, आणि गाड्या एकमेकींसमोर येऊन खोळंबल्या की डोकं धरून बसायचं. ज्याला रेल्वेचं वेड आहे त्याचे महिने यात जातात. उंचीचा नकाशा करड्या छटांच्या चित्राच्या रूपात त्यात घालता येतो. म्हणजे सह्याद्रीचा नकाशा मिळवून घाटातून गाडी चढवायची हौसही भागते, आणि चढावर मालगाडी कशी रांगते तेही दिसतं. तो इतका हलका आहे की दहा-बारा वर्षांच्या जुन्या लॅपटॉपवरही कुरकुर न करता चालतो. मुलांबरोबर खेळायला याहून चांगला गेम मला ठाऊक नाही. व्याज कसं चढतं हे पाठ्यपुस्तकापेक्षा इथे लवकर कळतं.

रणनीतीची आवड असेल तर १९९८ चा ‘स्टारक्राफ्ट’ ब्लिझार्ड या कंपनीने एप्रिल २०१७ पासून मोफत केला आहे. त्यांच्या बॅटलनेटवरून तो रीतसर उतरवता येतो. एका वेळी बाराच सैनिक निवडता येतात हे सुरुवातीला खटकेल, पण तीन जमातींचा तोल इतका नेमका आहे की दोन दिवसांत ते विसरायला होतं. १९९६ चा ‘रेड अलर्ट’ २००८ मध्ये ईए या कंपनीने मोफत केला. आज तो ‘ओपनआरए’ या मोफत प्रोग्रॅममधून खेळावा, कारण त्यात पडदा, माउस आणि जोडीने खेळणं हे सगळं आजच्या सवयींना धरून सुधारलेलं आहे.

‘डूम’ची मूळ संहिता आयडी सॉफ्टवेअरने १९९७ मध्ये खुली केली, आणि त्याचा पहिला भाग १९९३ पासूनच मोफत वाटपासाठी होता. नऊ टप्प्यांचा तो भाग खेळून पाहा. आवडला तरच पुढचे विकत घ्या. रक्तपात बराच आहे, त्यामुळे हा मोठ्यांचाच गेम समजावा. फोनवर गोष्ट वाचावी तसा सावकाश गेम हवा असेल तर ‘स्कमव्हीएम’ हे मोफत अॅप घेऊन त्यात १९९४ चा ‘बिनीथ अ स्टील स्काय’ घाला. तो २००३ पासून मोफत आहे. इंग्रजी संवाद वाचायची तयारी मात्र हवी.

नुसती चव घ्यायची असेल तर इंटरनेट आर्काइव्हने जानेवारी २०१५ पासून हजारो डॉस गेम ब्राउझरमध्येच चालतील असे ठेवले आहेत. काही उतरवायचं नाही, काही बसवायचं नाही. त्यांतल्या अनेकांचे हक्क अजून कंपन्यांकडेच आहेत. म्हणून तिथे चाखून पाहावं आणि आवडलेला गेम विक्रीला असेल तर विकत घ्यावा.

आणखी एक छोटी गोष्ट. विंडोजमधले माइनस्वीपर आणि सॉलिटेअर पूर्वी यंत्रासोबतच यायचे. विंडोज ८ पासून ते काढले गेले आणि त्यांच्या जागी आलेल्या सॉलिटेअर संचात जाहिराती दिसतात. त्या नको असतील तर मासिक वर्गणी भरावी लागते. आजी-आजोबांच्या संगणकावर ती वर्गणी सुरू करण्याआधी सायमन टॅथम यांचा कोड्यांचा मोफत संच बसवून पाहा. त्यात माइनस्वीपरसारखं कोडं आहे, जाहिरात एकही नाही, आणि तो फोनवरही चालतो.

पैसे देऊन घ्यावेत असे

मोजकेच सुचवतो. पहिला ‘एज ऑफ एम्पायर्स २’. १९९९ मधला हा गेम नोव्हेंबर २०१९ मध्ये नव्या चित्रांनिशी ‘डेफिनिटिव्ह एडिशन’ म्हणून आला आणि आजही जगभर खेळला जातो. मेंढ्या शोधायच्या, लाकूड तोडायचं, तटबंदी घालायची आणि शेजाऱ्याचे हत्ती येण्याआधी भालाईत तयार ठेवायचे, यातली धडधड पंचवीस वर्षांनंतरही तशीच आहे. पृथ्वीराजांवरची मोहीम त्यात आहे. २०२२ च्या ‘डायनॅस्टीज ऑफ इंडिया’ या पुरवणीत बंगाली, द्रविड आणि गुर्जर सेना आल्या, आणि मूळच्या ‘इंडियन्स’चे हिंदुस्तानी झाले. मराठे नाहीत, ही खंत मला आहेच. पुरवण्या लगेच घेऊ नका. ‘डेफिनिटिव्ह एडिशन’ आली तेव्हाच तिच्यात ३५ सेना होत्या, आणि तेवढ्या समजून घ्यायलाच वर्ष जाईल. पुण्यातला भाऊ आणि न्यू जर्सीतली बहीण शनिवारी एका डावात बसू शकतात. त्यासाठी मात्र दोघांकडेही गेमची आपापली प्रत हवी.

याचा खरा खर्च किमतीत दिसत नाही. हा गेम सुमारे ३० जीबी जागा मागतो. घरात ब्रॉडबँड नसेल आणि रोज दीड जीबी देणाऱ्या मोबाइल पॅकवर काम चालत असेल, तर उतरवायला वीस दिवसांचा अख्खा डेटा लागू शकतो. शेजारी किंवा नातेवाइकांकडे वायफाय असेल तर लॅपटॉप तिथे नेऊन उतरवून घ्यावा. जुन्या गेमच्या मूळ आवृत्त्या याच्या तुलनेत अगदीच लहान असतात आणि आपल्या परिस्थितीत त्याचं मोल मोठं आहे.

दुसरा ‘कॉन्ट्रा’. दोघांनी एका सोफ्यावर बसून खेळायला याच्यासारखा गेम नाही. कोनामीने २०१९ मध्ये ‘कॉन्ट्रा अॅनिव्हर्सरी कलेक्शन’ काढलं. त्यात आपल्या कॅसेटवरचा ‘कॉन्ट्रा’, त्याआधीची आर्केडमधली आवृत्ती आणि पुढचा ‘सुपर सी’ असे सगळे आहेत. कुठेही खेळ जतन करता येतो, त्यामुळे तीस लाइफचा तो वर-वर-खाली-खाली असा कोड न वापरताही शेवट पाहता येतो. तिसरा, शांतपणे खेळणाऱ्यांसाठी, १९९९ चा ‘रोलरकोस्टर टायकून’. हाही ख्रिस सॉयर यांचाच. फोनवर त्याची ‘क्लासिक’ आवृत्ती आहे आणि ती बोटांनी खेळायला संगणकाइतकीच सोयीची वाटते.

हे घ्यायचे कुठून? संगणकासाठी दोन मोठी दुकानं आहेत, स्टीम आणि जीओजी. स्टीमवर भाव रुपयांत दिसतो, आणि बहुतेक जुने गेम साधारण शंभर ते सहाशे रुपयांत बसतात. गेम दोन तासांहून कमी खेळला असेल आणि घेऊन चौदा दिवस झाले नसतील तर पैसे परत मिळतात. घरातल्या सहा जणांपर्यंत गेमसंग्रह वाटून घेण्याची सोयही आहे. जीओजी हे पोलंडच्या सीडी प्रोजेक्टने २००८ मध्ये खास जुन्या गेमसाठीच सुरू केलेलं दुकान. तिथे गेमची फाइल आपल्याकडे कायमची उतरवून ठेवता येते, पेनड्राइव्हवर टाकता येते, आणि नंतर इंटरनेट नसलं तरी चालते. पैसे परत मागायला तीस दिवस मिळतात. स्टीमवर आपण घेतो तो वापराचा परवाना असतो. त्यामुळे जो गेम पुढच्या पिढीसाठी जपायचा आहे तो मी जीओजीवरून घेतो.

जीओजीवर भाव डॉलरमध्ये असतो आणि इथे छुपा खर्च येतो. तिथला जुना गेम बहुधा ५.९९ किंवा ९.९९ डॉलरला असतो. डॉलर ९० रुपये धरला तर ५.९९ चे ५३९ रुपये. त्यावर बँक परकीय चलनासाठी दोन ते साडेतीन टक्के लावते, आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी. साडेतीन टक्क्यांनी हे सुमारे २२ रुपये होतात. रक्कम मोठी नाही, पण सेलमध्ये तोच गेम पाऊण किंमत उतरून १.४९ डॉलरला, म्हणजे १३५ रुपयांच्या आसपास मिळतो. तेव्हा घाई करू नये. उन्हाळ्यात आणि डिसेंबरमध्ये दोन्ही दुकानांत मोठे सेल लागतात. गेम आवडीच्या यादीत टाकून ठेवला की भाव उतरल्याचा मेल येतो. कार्ड नाकारलं गेलं तर घाबरू नका. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ऑक्टोबर २०२० पासून नव्या कार्डांवर परदेशी व्यवहार मुळात बंद असतात, ते बँकेच्या अॅपमधून सुरू करावे लागतात. खरेदी झाली की पुन्हा बंद करून ठेवावेत.

संगणक विंडोज ७ वर चालत असेल तर स्टीमचा नाद सोडा. जानेवारी २०२४ पासून त्याने विंडोज ७ आणि ८ चा आधार काढून घेतला. अशा यंत्रावर जीओजीच्या फाइली आणि वर सांगितलेले मोफत गेमच बरे. केवळ गेमसाठी नवा संगणक घेऊ नका.

जे विकतच मिळत नाहीत

आपल्याकडे सर्वांत जास्त विचारणा होते ती ‘नीड फॉर स्पीड मोस्ट वाँटेड’, ‘रोड रॅश’ आणि ‘व्हाइस सिटी’ यांची. इथे लोक हमखास फसतात. ‘मोस्ट वाँटेड’ नावाचे गेम दोन आहेत, २००५ चा आणि २०१२ चा. दुकानात दिसतो तो २०१२ चा. तो वेगळाच गेम आहे. त्यात निळी-रुपेरी बीएमडब्ल्यू परत मिळवण्याची ती गोष्ट नाही. २००५ चा गेम डिजिटल स्वरूपात रीतसर विक्रीला नाही. ‘रोड रॅश’ही नाही. मोटारींची आणि गाण्यांची परवानगी ठरावीक काळाची असते, कंपन्या विकल्या जातात, आणि गेम अधांतरी राहतो. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये पाहणी केली, तेव्हा तिथे २०१० पूर्वी आलेल्या गेमपैकी ८७ टक्के गेम बाजारात उपलब्ध नसल्याचं आढळलं. हे मला फार लागतं. पुस्तक छापील नसलं तरी ग्रंथालयात सापडतं, गेमला अजून तसा आसरा नाही.

‘व्हाइस सिटी’ची मूळ २००२ ची आवृत्ती स्टीमवरून काढली गेली आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये ‘डेफिनिटिव्ह एडिशन’ आली. ती सुरुवातीला दोषांनी भरलेली होती. नोव्हेंबर २०२४ च्या दुरुस्तीनंतर बरीच सुधारली. पूर्ण भावात घेऊ नये, मोठ्या सवलतीत घ्यायला हरकत नाही. मुलांसाठी मात्र नाहीच.

मारिओचंही सांगायला हवं. मारिओची कंपनी निन्टेंडो भारतात अधिकृतपणे विक्री करत नाही. त्यामुळे इथे मिळणारा त्यांचा ‘स्विच’ हा गेमचा डबा आयात केलेला असतो आणि त्याच्या हमीची खात्री नसते. निव्वळ जुन्या मारिओसाठी तो घेणं महाग पडतं. घरात स्विच आधीच असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा त्यांच्या ऑनलाइन वर्गणीत जुने गेम मिळतात.

यंत्रं, वायरी आणि डबे

पैसे खर्च करायचेच असतील तर ते गेमपॅडवर करा. वायरचा साधा यूएसबी गेमपॅड ४०० ते ८०० रुपयांत मिळतो आणि ‘कॉन्ट्रा’ कीबोर्डऐवजी त्यावर खेळला की गेमच बदलतो. बिनतारी आणि टिकाऊ हवा तर दोन ते चार हजार. दोन साधे गेमपॅड, लॅपटॉपपासून टीव्हीपर्यंत दोन-तीनशेची एचडीएमआय वायर, आणि सेलमध्ये घेतलेले दोन-तीन गेम, एवढं दीड-दोन हजारांत सहज बसतं. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ असतो. तो चालू केला नाही तर बटण दाबल्यावर उडी उशिरा पडते आणि माणूस स्वतःला दोष देत बसतो. त्याला पैसे पडत नाहीत, सगळ्यात आधी तो चालू करा.

आता ती काडी. दहा हजार आकडा फसवा आहे. तेच गेम वेगवेगळ्या नावांनी, वेगवेगळ्या भाषांत मोजलेले असतात. जुन्या कॅसेटवर ‘९९९९९९९ इन १’ लिहिलेलं असायचं, त्याच घराण्यातली ही पद्धत. ते गेम परवानगीशिवाय घातलेले असतात, रिमोट मऊ आणि मठ्ठ, आणि आतलं मेमरी कार्ड कधी जाईल सांगता येत नाही. जुन्या धाटणीचा कॅसेटचा आठ बिटांचा डबा मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत अजून सहाशे ते पंधराशेत दिसतो. समुराई, मीडिया अशा ज्या नावांनी आपण ते ओळखायचो, ते डबे म्हणजे १९८३ च्या जपानी फॅमिकॉम यंत्राच्या नकला. निव्वळ हौस म्हणून घेतलात तरी सोबतच्या बंदुकीकडे पाहून घेऊ नका. बदकं मारायचा तो खेळ जुन्या काचेच्या टीव्हीच्या चमकण्यावर अवलंबून आहे. एलईडी पडद्यावर ती बंदूक आंधळी असते.

जुन्या सीड्यांचा गठ्ठा सापडला म्हणून बाराशे ते दोन हजारांचा यूएसबी सीडी ड्राइव्ह आणण्याआधी थांबा. त्या काळच्या बऱ्याच गेमना सेफडिस्क नावाचं कुलूप होतं. ते कुलूप ज्या प्रोग्रॅमवर चालायचं तो सुरक्षेच्या कारणाने मायक्रोसॉफ्टने विंडोज १० मधून काढला. म्हणजे सीडी अस्सल, पैसे देऊन घेतलेली, आणि तरी गेम उघडत नाही. तोच गेम जीओजीवर असेल तर तिथली आवृत्ती या कुलपाविना असते आणि ड्राइव्हच्या निम्म्याहून कमी खर्चात काम होतं. जुना प्लेस्टेशन २ घेण्यापूर्वीही असाच विचार करा. त्याचं उत्पादन २०१३ च्या सुमारास थांबलं. आतली लेन्स थकलेली असते आणि दुरुस्ती करणारे कमी होत चालले आहेत. घरात अस्सल डिस्क पडून असतील आणि समोर चालवून दाखवला तरच घ्यावा.

अमेरिकेतले नातेवाईक तिथल्या जुन्या बाजारातून अस्सल निन्टेंडो आणून देतो म्हणाले, तर एक गोष्ट आधी सांगून ठेवा. तिथले जुने डबे आणि त्यांचे अडॅप्टर १२० व्होल्टचे आहेत. आपल्या २३० व्होल्टला थेट लावले तर जळतात. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरचा खर्च, सीमाशुल्काची शक्यता आणि आपल्या टीव्हीशी जुळवण्याचा कन्व्हर्टर हे सगळं जोडल्यावर भेटीची किंमत दुप्पट होते.

वीजबिलाची चिंता मात्र करू नका. ५० वॅटचा लॅपटॉप वीस तास चालला की एक युनिट होतं. युनिटला दहा रुपये धरले तरी तासाला पन्नास पैसे.

घेताना आणि घेतल्यावर

टीव्हीला लावायचे व्हिडिओ गेम आणि त्यांचे अडॅप्टर यांना भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. व्हिडिओ गेम तर २०१२ च्या आदेशातल्या पहिल्याच यादीत होते. खोक्यावर किंवा अडॅप्टरवर आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक शोधा आणि ‘बीआयएस केअर’ अॅपमध्ये तपासा. क्रमांक नसेल तर ती वस्तू मुलाच्या हातात देऊ नका, कारण धोका गेममध्ये नसून त्या स्वस्त अडॅप्टरमध्ये असतो. ऑनलाइन विक्रेत्याने आपलं नाव-पत्ता आणि वस्तू कोणत्या देशात बनली ते दाखवलंच पाहिजे. ते नसेल तर दुसरा विक्रेता बघा.

गेमपॅड आला की त्याच दिवशी जोडा आणि प्रत्येक बटण दाबून बघा, विशेषतः चार दिशांची फुली. तिरकं दाबल्यावर दोन्ही दिशा एकदम लागतात का ते पाहा. स्वस्त गेमपॅड इथेच दगा देतात आणि परत करण्याची मुदत बहुधा आठवडाभराचीच असते. खोकं उघडतानाचा व्हिडिओ फोनवर घेऊन ठेवावा, बिल पीडीएफमध्ये जपावं. विक्रेता दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तिथे मराठीतही बोलता येतं. तक्रार नोंदवताना ऑर्डर क्रमांक आणि पैसे भरल्याची पावती हाताशी ठेवा.